टिनाच्या पेटीत मावेल तेवढा इतिहास

प्लम क्रॉसिंग गावातली एखादी बातमी 'बीकन' या तिथल्या वर्तमानपत्राच्या संपादकाला सगळ्यांत शेवटी कळावी, असं पंचवीस वर्षांत दोनदाच घडलं. पहिल्यांदा त्याच्याच घराच्या धुराड्यानं पेट घेतला तेव्हा. आणि दुसऱ्यांदा त्या ऑक्टोबरमधल्या मंगळवारी.

हा संपादक, लेम्युएल ब्रॅडिश, गळक्या चोचीची कॉफीची किटली घेऊन ओटो केसेलच्या दुकानात गेला होता. ओटो पत्र्याचं काम करायचा. त्याच्या टेबलावर टिनाची एक नवीकोरी पेटी होती, अजून झाकण न लावलेली.

"काय रे ही? बिस्किटं ठेवायला?"

"कोर्टाच्या कोनशिलेतली पेटी," ओटो म्हणाला. "शनिवारी बसवायची."

लेम्युएलनं पेटीत हात घातला. त्याचा पंजा आत कसाबसा आडवा मावला. नव्या कोर्टाच्या इमारतीची कोनशिला बसवायची, तिच्या पोटात एक पेटी ठेवायची, पेटीत गावाचा इतिहास ठेवायचा आणि शंभर वर्षांनी कुणीतरी ती फोडून वाचायची, असं उन्हाळ्यातच ठरलं होतं. आणि गावाचा इतिहास म्हणजे लेम्युएल ब्रॅडिश. आठशे बारा पानं, वीस वर्षांची मेहनत. दुसरा आहेच कोण?

"चुकलास तू," तो म्हणाला. "यात माझं पुस्तक मावायचं नाही."

ओटोनं किटली उचलून उजेडात धरली. गळती दिसत होती तरी बराच वेळ शोधत राहिला.

"लेम, तुला कुणी काही बोललं नाही?"

"काय बोलायचं?"

"गिडियन स्ट्रॅटनं माप दिलं मला. म्हणजे कोनशिलेच्या समितीनं." ओटोनं किटली खाली ठेवली. "मिसेस गॅडिसच्या वहीचं माप आहे ते."

किटली तिथेच टाकून लेम्युएल बाहेर पडला.

फिलीना गॅडिस ही गावातली शिंपीण. पन्नाशीची विधवा, उंच, हाडकुळी, तोंडात कायम टाचण्या. तिचं दुकान छापखान्याच्या अगदी समोर. लेम्युएल छपाईचे खिळे जुळवायला उभा राहिला की समोरच्या खिडकीतून तिची पाठ दिसायची आणि तिच्यापुढे हात पसरून उभं असलेलं कुणी ना कुणी. आणि ते जे कुणी असेल ते बोलत असायचं. हेच तर त्याच्या डोळ्यांत सलायचं.

त्याच्यापुढे कुणी बोलत नसे. म्हणजे उत्तरं देत. लेम्युएल वही उघडून, पेन्सिलीला टोक करून जुन्या माणसांच्या घरी जायचा आणि विचारायचा, "आपण कोणत्या तारखेला आलात? गाडी किती बैलांची? प्रथम पेरणी कोणत्या साली?" माणसं ताठ बसायची, कपाळाला आठ्या घालून तारीख आठवायची, ती चुकीची सांगायची आणि घरची गोड पाई खा म्हणून आग्रह करायची. पाई चांगली असायची, पण इतिहास पुढे सरकायचा नाही. आणि तीच म्हातारी दुसऱ्या दिवशी फिलीनाकडे बाहीचं माप द्यायला गेली की दीड तास! तो घड्याळ लावून मोजायचा. एका बाहीला दीड तास लागतो का कुठे?

फिलीना ऐकलेलं लिहून ठेवते हे गावाला ठाऊक होतं. कापडाचे नमुने चिकटवायच्या वहीत, नमुन्यांच्या शेजारी, बारीक अक्षरात. लेम्युएलनं आजवर त्या वहीला हसून सोडलं होतं. निदान हसल्यासारखं केलं होतं. अल्मायरा, त्याची बायको, जिवंत असताना त्याला म्हणायची, "लेम, तू त्या बाईला इतकं पाण्यात पाहतोस की ती एक दिवस बुडायची." सहा वर्षांपूर्वी अल्मायरा गेली. फिलीना काही बुडाली नव्हती.

बुधवारी सकाळी त्यानं रस्ता ओलांडला.

"पेटीत काय काय ठेवणार त्याची यादी 'बीकन'मध्ये छापायची आहे," तो दारातूनच म्हणाला. "तुमची ती... ती वही पाहावी लागेल."

फिलीनानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या.

"यादीला वही लागते होय, मिस्टर ब्रॅडिश? मला वाटलं, नाव पुरतं."

"आम्ही खात्री केल्याशिवाय काही छापत नाही."

"असं?" ती म्हणाली, आणि मशीनखालच्या खणातून वही काढून त्याच्या हातात ठेवली. "शुक्रवारी मेणकापडात नीट बांधून ओटोकडे पोचवा म्हणजे झालं. गिडियन म्हणाला, गाठ तुमच्यासारखी कुणाला येत नाही. आणि तुमच्या कोटाचं अस्तर लोंबतंय."

"लोंबू दे," लेम्युएल म्हणाला.

छापखान्यात आल्यावर त्यानं दाराला कडी लावली आणि 'बीकन'चे बांधून ठेवलेले जुने अंक फळीवरून खाली घेतले. आता कळेल गावाला! वहीत जिथे जिथे आकडा होता, साल होतं, तिथे तिथे तो बोट ठेवून अंकाशी ताडून पाहू लागला. 'अमकीचा लग्नाचा पोशाख' किंवा 'तमकीचं दुःख' असे मथळे होते ती पानं त्यानं उलटली. बायकांच्या त्या गप्पांत तपासण्यासारखं काय असणार!

पहिल्याच पानावर तिनं इथल्या मूळच्या पॉनी जमातीच्या बायकांबद्दल लिहिलं होतं. मका कसा वाळवून पुरायचा ते त्यांनी तिला शिकवलं. त्यांच्यातल्या एकीला तिनं निळी बाही शिवून दिली होती. पुढे त्या लोकांना दक्षिणेकडे हाकललं तेव्हा ती बाई निळी बाही हलवत गेली. लेम्युएलचा इतिहास सुरू व्हायचा तो 'येथे पूर्वी काही नव्हते' या वाक्यानं. ते वाक्य त्याला फार आवडायचं. त्यानं पान घाईनं उलटलं.

आणि सातव्या पानावर त्याला घबाड सापडलं.

'एप्रिल १८७२. आता आम्ही एकसष्ट आहोत. पोटातली तीन धरलेली नाहीत.'

त्यानं 'बीकन'चा पहिला अंक उघडला. एप्रिल १८७२, पहिलं पान, ठळक खिळ्यांत: 'प्लम क्रॉसिंगची लोकसंख्या चारशे बारा!' तोच आकडा त्याच्या इतिहासात पान चोवीसवर होता आणि खाली टीप होती: पाहा, 'बीकन', अंक पहिला.

चारशे बारा आणि एकसष्ट! चूक म्हणावी तर केवढी! लेम्युएलला इतका आनंद झाला की त्यानं उभ्याउभ्याच थंड कॉफी पिऊन टाकली.

गुरुवारी दुपारी तो अंक बगलेत मारून लोहाराच्या भट्टीवर गेला. समितीचा अध्यक्ष गिडियन स्ट्रॅट लोहारच असल्यामुळे समिती तिथेच बसायची, ऊबही असायची. भट्टीशी गिडियन होता, पिंपावर ओटो होता. आणि कोपऱ्यात, भात्याचं फाटलेलं कातडं शिवून द्यायला आलेली फिलीना गॅडिस होती. लेम्युएलला वाटलं, बरंच झालं, समोरासमोर होईल.

"मित्रहो," तो म्हणाला, "आपण शंभर वर्षांसाठी दगडात काय ठेवतोय याचा विचार करा. ही वही म्हणते, बहात्तर साली गावात एकसष्ट माणसं. हा छापील पुरावा म्हणतो, चारशे बारा. कुणाचं खरं धरायचं? आठवणीचं की पुराव्याचं?"

गिडियननं हातोडा खाली ठेवला. अंक घेतला, लांब धरला आणि त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"लेम," तो म्हणाला, "खरंच आठवत नाही तुला?"

"काय आठवायचं?"

"अरे लेका, याच पिंपावर बसून आपण दोघांनी मोजलं होतं! एकसष्टच भरले. तू म्हणालास, एकसष्ट माणसांसाठी रेल्वे वळत नाही. मग आपण बैल धरले."

ओटो खोकला.

"मग घोडे, मग कोंबड्या," गिडियन एकेक बोट दुमडत म्हणाला. "टेकडीवरची खारींची बिळं मोजली आणि बिळाला एक मतदार धरला. तरी तीनशे नव्वदच. मग तू माझ्याकडे बघून म्हणालास, गिडियन, तुला मुलं किती होतील? मी म्हटलं, बाबा रे, अजून लग्न नाही झालं. तरी तू बावीस लिहिलीस!"

"आणि झाली दोन," फिलीना कातड्यात सुई खुपसत म्हणाली.

"दोन!" गिडियननं डोळे पुसले. "गाव अजून वीस जणांची वाट बघतंय, लेम. माझी बायको म्हणते, संपादकसाहेबांनाच विचार कुठून आणायची."

ओटो पिंपावरून जवळजवळ पडलाच. फिलीना हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं लेम्युएलला वाटलं. तिनं नुसतं दातानं दोरा तोडला आणि खाली मान घालून गाठ मारली, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

परत येताना त्याला सगळं आठवलं. ते पिंप, आणि रेल्वेच्या साहेबांना पाठवायच्या अंकांचा गठ्ठा. त्यानं हौसेनं थाप मारली होती. मग ती छापली. मग पाच वर्षांनी छापलेलं वाचलं. आणि वीस वर्षांनी तीच थाप त्याच्यापुढे साक्षीदार म्हणून उभी राहिली तेव्हा त्यानं तिला ओळखलं नाही, उलट खुर्ची दिली. आठशे बारा पानांत 'पाहा, बीकन' किती वेळा आलं असेल? तो मोजायला धजला नाही.

पण खजील झालेल्या माणसाचा मत्सर कमी होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. उलट त्याला आता धार आली. एकसष्ट तर एकसष्ट. पण ते तिनं का म्हणून सांगावं? शंभर वर्षांनी दगड फुटेल, लोक वही उघडतील आणि म्हणतील, अहाहा, काय ही बाई! आणि लेम्युएल ब्रॅडिश? कोण तो? कुणी नाही.

शुक्रवारी सकाळी त्यानं कात्री काढली. स्वतःच्या इतिहासाची पहिली नव्वद पानं वेगळी केली, त्यातलं चोविसावं फाडून टाकलं आणि बाकीची तिच्या वहीच्या मापानं चारी बाजूंनी कापली. कडेच्या टिपा गेल्या, काही ओळींची शेपटं गेली. मग काळ्या मेणकापडात घडी घातली आणि त्याच्या त्या प्रसिद्ध गाठीनं पुडकं बांधलं. ओटो थोडाच उघडून बघणार होता? शनिवारी पुडकं पेटीत जाणार, झाकणाला डाख बसणार, की शंभर वर्षं कुणाला पत्ता नाही.

तिची वही टेबलावर उरली. ती खणात टाकण्याआधी त्यानं उघडली. चोरसुद्धा माल एकदा पाहून घेतो. आणि या वेळी तो उघडला त्या पानावर एकही आकडा नव्हता. एका कोपऱ्यात तपकिरी सुती कापडाचा, बोटभर तुकडा चिकटवलेला होता आणि वर मथळा होता: 'अल्मायरा ब्रॅडिशचा झगा'.

तो उभा होता तो खाली बसला.

'टोळ आले त्या दिवशी लेम काउंटीच्या मुख्य गावाला गेला होता. ढग आला म्हणून मी कपडे काढायला बाहेर पडले तर ढग चावायला लागला. थोडं कमी झाल्यावर अल्मायराकडे गेले. तिच्यापाशी पाच रजया होत्या. एकीकडे घेवडा आणि कांदे, हिवाळ्याचं सगळं खाणं. दुसरीकडे छपरीत लेमच्या कागदाचा गठ्ठा, वर्षभराचा. टोळ दोन्ही खातात. तिनं रजया कागदावर घातल्या. टोळांनी रजयाही खाल्ल्या, तिच्या आईनं लग्नात दिलेली होती तीसुद्धा. मग तिनं अंगावरचा झगा काढून पसरला, मग परकर, आणि स्वतः वर बसली. दुपारपासून दिवस कलेपर्यंत. मी गेले तेव्हा केसांतून टोळ वेचत होती आणि हसत होती. म्हणाली, फिलीना, लेम यायच्या आत मला काहीतरी घालायला दे, नाहीतर तो हे छापेल. मी माझा तपकिरी झगा दिला. लांब होता, तिथेच टाचून दिला. म्हणाली, त्याला सांगेन वारा फिरला म्हणून. कळलं तर जन्मभर उपकार मानत बसेल. मला उपकार मानणारा नवरा नको, भांडणारा बरा.'

लेम्युएलनं ते पान तीनदा वाचलं. मग उठून १८७४ सालचे अंक काढले. पंधरा ऑगस्ट. 'दैव बलवत्तर म्हणून ऐनवेळी वारा फिरला व आमचा कागद बचावला.' तेच त्याच्या इतिहासातही होतं. पाहा, 'बीकन'.

त्या हिवाळ्यात त्यांनी फक्त सलगम खाल्लं होतं. सलगम उकडून, सलगम भाजून, आणि नाताळला सलगमाची पाई. तो रोज कुरकुरायचा, घेवडा कसा काय नाही वाचला म्हणून. अल्मायरा म्हणायची, "वारा तेवढाच फिरला, लेम." आणि तो तपकिरी झगा! ती तो चार वर्षं वापरत होती. कुठून आला, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या मृत्यूची बातमी त्यानं स्वतः जुळवली होती: चौदा ओळी, त्यांत तारखा सहा.

त्याला रडू यायला हवं होतं. आलंही असतं, पण त्याआधी अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच्या घरात घडलेली सगळ्यांत मोठी बातमी बावीस वर्षं समोरच्या दुकानात, मशीनखालच्या खणात पडून होती!

तो वही घेऊन तसाच, शाईचा एप्रन न काढता, रस्ता ओलांडून गेला.

"तुम्हाला माहीत होतं!"

फिलीना कुणाच्या तरी जाकिटाचा मुंढा उसवत होती. तिनं वही पाहिली, मग त्याचा चेहरा.

"बसा," ती म्हणाली.

"बसत नाही. बावीस वर्षं! मी रोज समोर उभा असतो. सांगितलं का नाहीत मला?"

"तिनं शपथ घातली होती."

"मग दगडात कसं ठेवताय?"

"लेमला सांगू नको, म्हणाली होती. दगडाला सांगू नको असं नव्हती म्हणाली." तिनं कात्री खाली ठेवली. "आणि मिस्टर ब्रॅडिश, यादीसाठी वही लागत नाही हे मला कळतं. तरी दिली ना? परवापासून खिडकीतून बघतेय, तुम्ही पानं उलटताय, उलटताय... म्हटलं, हा माणूस आकडेच बघत बसतो की काय."

लेम्युएलनं हातातली वही मिटली.

"माझी बायको होती ती," शेवटी तो म्हणाला. "माझ्याशी बोलायचं सोडून तुमच्याशी बोलली."

"तुमच्याशी भांडायची ना? मला तर कधी भांडणाचं सुख नाही दिलं तिनं." फिलीनानं जाकीट पुन्हा हातात घेतलं. "मलाही वाटायचा हो तुमचा हेवा. माझा नवरा दोन शब्दांचा धनी होता. 'जेवण' आणि 'झोप'."

तिलाही हेवा वाटला असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यानं वही उराशी धरली आणि परत फिरला.

दुपारचा अंक छापायला तयार होता. पहिल्या पानाच्या फर्म्यात त्याचा अग्रलेख घट्ट आवळून बसवलेला होता. 'कोनशिला व कृतघ्नता' असं त्याचं नाव होतं आणि त्याला वाटत होतं, आपण यापेक्षा चांगलं काही लिहिलेलं नाही. त्यानं फर्मा सैल केला, अग्रलेखाचे खिळे उपसून पुन्हा त्यांच्या खणांत टाकले आणि त्या जागी उभ्याउभ्या, कागदावर न लिहिता, खिळ्यांनीच जुळवलं:

'दुरुस्ती. १५ ऑगस्ट १८७४ च्या अंकात, वारा फिरल्यामुळे आमचा कागद वाचला असे छापले होते. ते चूक आहे. वारा फिरला नव्हता. कागद मिसेस अल्मायरा ब्रॅडिश यांनी वाचवला. तसेच आमच्या पहिल्या अंकातील लोकसंख्या एकसष्ट अशी वाचावी. चूक लक्षात यायला उशीर झाला, याबद्दल संपादक दिलगीर आहे.'

मग त्यानं आपलं पुडकं सोडलं आणि त्याच मेणकापडात तिची वही बांधली. गाठ चांगली बसायला तीन वेळा सोडावी लागली. कापलेली एकोणनव्वद पानं बरेच दिवस शेगडी पेटवायला पुरली.

शनिवारी ऊन होतं. वाद्यवाल्यांचा एक कर्णा नसल्यामुळे संगीत अर्धवट झालं. ओटोनं सगळ्यांदेखत पेटीत यादीतल्या बारीकसारीक वस्तूंबरोबर वहीचं पुडकं ठेवलं, त्यावर घडी घातलेला 'बीकन', आणि झाकणाला डाख दिला. दगड खाली बसला तेव्हा गिडियननं टोपी काढली. लेम्युएलनं गर्दी मोजली: दोनशे सात. दोनदा मोजली, आणि बैलांकडे पाहिलंही नाही.

लोक पांगले तशी फिलीना गॅडिस त्याच्यापाशी आली. हातात अंक होता.

"यादीत माझी वही सातवी?" ती म्हणाली. "गिडियनच्या नालांच्या खिळ्यांच्याही खाली?"

"वजनानं लावलीय यादी."

"अस्सं." तिनं अंकाची घडी घातली. घडी अशी घातली की दुरुस्तीची चौकट वर येईल. "त्या कोटाला अस्तर लावायलाच हवं हं. अल्मायरानं सांगून ठेवलं होतं, बघत जा म्हणून. गुरुवारी या."

लेम्युएल दोन पावलं गेला, आणि परत आला.

"आणखी काय काय सांगितलं तिनं?"

"बरंच."

"म्हणजे किती? वहीत आहे?"

"सगळं वहीत लिहायचं असतं का?"

"पेन्सिल आणतो मी."

"हात पसरून उभं राहायचंय, मिस्टर ब्रॅडिश," ती म्हणाली. "पेन्सिल कुठे धरणार?"

ती निघून गेली. तो दगडापाशी उभा राहिला. आज शनिवार. गुरुवार पाच दिवसांवर होता. पाच दिवस ते सगळं त्या बाईला एकटीला माहीत असणार होतं, आणि समोरच्या खिडकीत तिची पाठ दिसत राहणार होती. हे काही त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. कोट काढून त्यानं अस्तर पाहिलं. शिवण अजून थोडी तग धरून होती. इकडेतिकडे बघून त्यानं ती बोटानं उसवली, चांगली वीतभर, आणि बुधवारीच जायचं ठरवून घरी गेला.